पानातला ऑक्सिजन सोड्यातून येत नाही

पान ऑक्सिजन कुठून आणतं, असं आठवीतल्या मुलाला विचारा. उत्तर ठरलेलं असतं: कार्बन डायऑक्साइड आत घेतं, त्यातला कार्बन ठेवतं, ऑक्सिजन सोडून देतं. ऐकायला सरळ, पण साफ चूक. पान फोडतं ते पाणी. हे समजावण्यासाठी पालकाच्या चकत्यांचा प्रयोग फार चांगला, फक्त तो अर्धवट शिकवला तर हाच गैरसमज आणखी पक्का होतो.

बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून सकाळीच आणलेली पालकाची ताजी जुडी घ्या. फ्रिजमध्ये दोन दिवस मलूल पडलेली पानं चालत नाहीत. अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा, म्हणजे साधारण १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. फेस आला तर लिक्विड जास्त झालं, पाणी बदला. बडोद्यात ढोकळ्यामुळे घरोघरी इनो असतो, पण तो इथे नको. त्यात आम्ल असल्यामुळे पाणी फसफसतं, बुडबुडे चकत्यांना चिकटतात आणि त्या अंधारातही तरंगतात.

कागदाला भोकं पाडायच्या पंचने, जाड शिरा टाळून, दहा चकत्या पाडा. बिनसुईच्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये त्या सोड्याच्या पाण्यासह घाला, आतली हवा बाहेर काढा, तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढा आणि दहा सेकंदांनी सोडून द्या. दोन-तीनदा असं केलं की पानाच्या पोकळ्यांतली हवा निघते, तिथे पाणी शिरतं आणि चकत्या बुडतात. चकती गडद, ओलसर हिरवी दिसली म्हणजे जमलं. फार जोराने ओढलं तर पेशी फाटतात आणि मग चकती वर येतच नाही.

आता चकत्या सोड्याच्या पाण्याच्या ग्लासात ओता आणि एलईडी दिवा १५ सेंटिमीटरवर धरा. पावसाळी ढगात खिडकीतला उजेड पुरत नाही, आणि मेच्या उन्हात पाणीच तापतं. काही मिनिटांत एखाद्या चकतीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा दिसतो. चकती थरथरते, एका कडेवर उभी राहते आणि सुळकन वर येते.

शेजारच्या ग्लासात उकळून गार केलेलं पाणी असतं. लिक्विडचा थेंब तोच, पण सोडा नाही. तिथल्या चकत्या तळाशीच राहतात. मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे ऑक्सिजन सोड्यातून आला!" इथे घाई करून पुढे जाऊ नका.

सोड्यातून मिळणारा कार्बन डायऑक्साइड हा इलेक्ट्रॉनांचं शेवटचं ठिकाण आहे. पाण्यातून काढलेले इलेक्ट्रॉन हरितलवकातल्या पटलांवरून पुढे सरकतात आणि अखेर साखर बनवायला वापरले जातात. (हरितलवक म्हणजे पेशीतला हिरवा कण, गुजराती पुस्तकातला 'हरितकण'.) पुढे जागाच नसेल तर रांग मागे तुंबते आणि पाणी फुटणं थांबतं. रॉबिन हिल यांनी १९३७ मध्ये पानातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना इलेक्ट्रॉन घेण्यासाठी लोहाचा क्षार दिला, आणि कार्बन डायऑक्साइडशिवायही ऑक्सिजन निघाला. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन यांच्या गटाने शेवाळाला जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा जास्त वजनाचे, म्हणून वेगळे ओळखू येणारे अणू) असलेलं पाणी दिलं. बाहेर पडलेल्या वायूतलं जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याशी जुळलं.

मुलांना अडवतं ते समीकरण. पुस्तकातल्या छोट्या समीकरणात (6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂) पाण्याचे ६ रेणू, म्हणजे ऑक्सिजनचे ६ अणू, आणि बाहेर पडतात १२. प्रत्यक्षात पाण्याचे १२ रेणू फुटतात आणि ६ नवे तयार होतात. ते दोन्हीकडून कापलेले असतात, एवढं फळ्यावर लिहून दाखवाच.

हे पाणी फुटतं चार मँगनीज आणि एक कॅल्शियम असलेल्या इवल्याशा पुंजक्यात. तो शटल रिक्षासारखा वागतो: चार सवाऱ्या भरल्याशिवाय सुटत नाही. प्रकाशाचा एक कण आला की एक इलेक्ट्रॉन निघतो, तीच एक सवारी. चार झाल्या की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. पियेर जोलियो यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या पेशींवर प्रकाशाचे क्षणभराचे झोत टाकले, तेव्हा सर्वांत जास्त ऑक्सिजन चौथ्या नव्हे, तिसऱ्या झोताला आला. मग सातव्याला, अकराव्याला. बेसेल कोक यांनी १९७० मध्ये उकल केली: अंधारात विसावलेल्या बहुतेक पुंजक्यांत एक सवारी आधीच बसलेली असते. पुढे झोत हुकत जातात, रिक्षांची वेळ एकमेकींशी जुळत नाही आणि ऑक्सिजनचे हे चढउतार सपाट होतात.

प्रकाश नाही तर सवारी नाही. म्हणून 'पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो' हे मोबाइलवर फिरणारं वाक्य खोटं आहे. कोरफड रात्री कार्बन डायऑक्साइड साठवते हे खरं, पण तीही ऑक्सिजन सोडते ती उजेडातच. कमाटीबागेतलं कुठलंही झाड रात्री आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरतं.

हे त्याच ग्लासात दिसतं. सगळ्या चकत्या वर आल्या की ग्लासावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला आणि दर पाच मिनिटांनी झटकन उचलून मोजा. ग्लास हलका ढवळा, नाहीतर चकत्या एकमेकींना चिकटून खोटा आकडा मिळतो. पेशी श्वसनात ऑक्सिजन संपवतात आणि चकत्या एकेक करून खाली बसतात. वर यायला लागला त्याहून जास्त वेळ याला लागतो, त्यामुळे तासाच्या सुरुवातीलाच प्रयोग मांडा.