पंचायतीची एनओसी आणि मंडळाची संमती: खाडीत मासे मेले की कोणता कागद काढायचा?

गणपती होऊन आठवडा झाला असेल. सकाळी भोईवाडीतली माणसं पंचायतीच्या पायरीवर येऊन बसली होती. बादलीत मेलेल्या बोयी नि शेंगाळ्या, आणि तात्यांच्या हातात पाण्याची बाटली. पाणी चहासारखं तपकिरी, बूच काढलं की घशाला खवखव. तात्या सरपंचांना म्हणाले, "कारखान्याच्या एनओसीवर सही तुमचीच ना? मग ती रद्द करा. उद्यापासून बंद होऊ दे सगळं."

मी तेव्हा पंचायतीत सदस्य होते. एनओसी रद्द करण्याचा ठराव आम्ही त्याच महिन्यात एकमताने केला. घोषणा झाल्या, फोटो निघाले, पण खाडीत येणारं पाणी एका दिवसासाठीही थांबलं नाही. कारण कागदच चुकीचा धरला होता. खाडीकाठच्या बहुतेक गावांत पंचायतीची एनओसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हे दोन कागद एकच समजले जातात, आणि त्या घोटाळ्यात पंचायतीचं सगळं बळ वाया जातं.

पंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे गावाचं म्हणणं. मासिक सभेत किंवा ग्रामसभेत ठराव होतो आणि त्यावरून दाखला दिला जातो: अमुक गट नंबरात तमुक उद्योग येतोय, आमची हरकत नाही. गावठाणातलं बांधकाम, गावचा रस्ता, नळजोडणी हे पंचायतीच्या हातातले विषय, आणि त्यापुरता दाखल्याला अर्थ आहे. एमआयडीसीच्या हद्दीत मात्र तोही उरत नाही. तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असते. प्लॉट ती देते, बांधकामाचे नकाशे तीच मंजूर करते. लोटे परशुराम असो की महाड, वसाहतीच्या कुंपणाआत सरपंचाच्या सहीने काही उभं राहत नाही आणि काही पडतही नाही.

पाण्याचा कायदा वेगळा आहे. 1974 च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या कलम 25 प्रमाणे नदीत, खाडीत, गटारात, विहिरीत किंवा जमिनीवर सांडपाणी सोडणाऱ्याला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी संमती घ्यावी लागते. एकदा उभारणीसाठी, पुन्हा चालवण्यासाठी. हीच ती 'कन्सेंट'. तिला मुदत असते आणि ती संपली की नूतनीकरण करावं लागतं. अटी मोडल्या तर कलम 33 अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकतं. तात्यांना हवी होती ती ताकद इथे होती. आम्ही ती आमच्या ठरावबुकात शोधत होतो.

हा कागद एकदा स्वतः वाचायला हवा. भाषा इंग्रजी आणि रुक्ष असते, पण चारच जागा बघायच्या असतात. कारखान्याने दिवसाला किती घनमीटर सांडपाणी काढायचं, ते कोणत्या मर्यादेत आणून सोडायचं, कुठे सोडायचं, आणि संमती कोणत्या तारखेपर्यंत आहे. मर्यादेचे आकडे सगळीकडे सारखे नसतात. सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू किती खाईल त्याचं माप, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत हवी. सागरी किनारपट्टीच्या पाण्यात तीच मर्यादा 100 आहे. तेव्हा 'कुठे सोडायचं' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची.

आमच्या कामाला आली तीही हीच ओळ. वसाहतीतल्या कारखान्यांच्या संमतीत साधारणपणे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्राला, सीईटीपीला, द्यायचं असं लिहिलेलं असतं. केंद्राची संमती वेगळी आणि त्याने कुठे सोडायचं तेही त्यातच ठरलेलं. म्हणजे पावसाचा फायदा घेऊन एखाद्या कारखान्याचं पाणी मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आलं, तर त्याची बीओडी 30 आहे की 300 यावर वाद घालायची गरजच नाही. ते पाणी तिथे असायलाच नको. तेवढ्यानेच अट मोडलेली असते.

तात्यांच्या बाटलीचंही असंच झालं. ती पाहून जीव तुटला, पण पुरावा म्हणून तिचा उपयोग नव्हता. कारखान्यावर कारवाईसाठी नमुना मंडळाच्या माणसाने, कलम 21 प्रमाणे, कारखान्याच्या माणसाला कळवून घ्यावा लागतो. तो हजर असेल तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या. म्हणून मासे दिसल्या क्षणी मंडळाच्या कार्यालयाला फोन आणि मागोमाग लेखी पत्र, तलाठ्याकडून पंचनामा, मत्स्यव्यवसाय खात्याला कळवणं, हे त्याच दिवशी व्हायला हवं. ग्रामसभेची वाट बघायची नाही. दोन भरत्या येऊन गेल्या की खाडी सगळं धुऊन नेते.

रंगांचाही एक गोंधळ सांगते, कारण त्यावरून आमच्या सभेत भांडण झालं होतं. आरोग्य खातं ग्रामपंचायतींना लाल, पिवळी, हिरवी कार्डं देतं. ती पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छतेवरून ठरतात: विहिरीचा कठडा, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, गळकी पाइपलाइन. कारखान्यांची लाल, नारिंगी, हिरवी वर्गवारी प्रदूषणाच्या शक्यतेवरून होते. गावाला हिरवं कार्ड मिळालं म्हणजे खाडी स्वच्छ आहे, असं त्यातून निघत नाही.

मग पंचायतीने हात जोडून बसायचं का? नाही. 2002 च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावीच लागते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदतीचा बडगा उगारल्यावर, म्हणजे 2020 च्या आसपास, खूप ठिकाणी या वह्या घाईत भरल्या गेल्या. आमच्या वहीत खाडीला अर्धं पान होतं. तिसऱ्या (शिंपल्या) कोणत्या पुळणीवर मिळतात, कालवं कोणत्या खडकावर, तांबोशी कांदळवनात कधी शिरते, पाग (फेकायचं जाळं) कुठे टाकतात, हे काहीच नाही. हे ज्या बायकांना पाठ आहे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाणी बिघडल्यावर 'आधी इथे काय होतं' हे सांगायला गावाकडे दुसरा सरकारी कागद नाही. हा कायदा नुसती कागदपत्रं करत नाही. 2021 मध्ये दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची मायरिस्टिका, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची, दलदल आणि आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' माशाची जागा जैवविविधता वारसा स्थळं म्हणून जाहीर झाली. दोन्ही जागा दोन-अडीच हेक्टरच्या आहेत. एवढीशी जागासुद्धा नाव घेऊन राखता येते.

पुढच्या पावसाळ्यात पऱ्याला पुन्हा रंग आला तेव्हा आम्ही एनओसीचा विषय काढलाच नाही. मंडळाला पत्र दिलं: संमतीची तारीख, सांडपाणी फक्त सीईटीपीला द्यायची अट, पऱ्यातल्या जागेचा गट नंबर, पाणी दिसल्याची वेळ. खाली तात्यांनी सांगितलेली एक ओळ घातली, नमुना पुरी सुकती असताना घ्या, भरतीचं पाणी वर चढलं की काही कळायचं नाही. अधिकारी दुसऱ्या दिवशी सुकतीच्या वेळेला आले. तात्या गुडघाभर चिखलात उतरून त्यांना पाइपाचं तोंड दाखवत होते.