घोड्यांची दादागिरी आणि गवताच्या ढिगांचं गणित

एका कुरणात पाच-सहा घोडे एकत्र सोडले आणि त्यातला एक दुसऱ्याला सतत हुसकावायला लागला, की घोडे पाळणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं, ‘त्यांचं त्यांना ठरवू द्या, निसर्गात असंच चालतं.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. निसर्गात असं चालत नाही. मोकळ्या रानात राहणाऱ्या घोड्यांच्या कळपात त्याच घोड्या वर्षानुवर्षं एकमेकींसोबत असतात, पळायला मैलोन् मैल जागा असते आणि खाणं पायाखाली सगळीकडे पसरलेलं असतं. आपण त्यांना कुंपणात घालतो, दर काही महिन्यांनी सोबती बदलतो, चारा एका जागी ओततो आणि मग ‘निसर्गा’वर हवाला ठेवून मोकळे होतो.

आधी भांडण म्हणून नेमकं काय होतं ते बघा. वरचढ घोडी चरता चरता थांबते. तिचे कान मागे जाऊन मानेला चिकटतात, नाकपुड्यांभोवतीची कातडी आवळते, मान लांब होऊन जमिनीकडे झुकते. समोरचा घोडा दोन पावलं बाजूला होतो आणि विषय संपतो. ती पुन्हा चरायला लागते. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. समोरचा हलला नाही, तर पुढची पायरी दात दाखवण्याची, मग चाव्याची, मग मागचा भाग वळवण्याची आणि शेवटी लाथेची. लाथ महाग पडते, मारणाऱ्यालाही. म्हणून जमलेल्या कळपात बहुतेक प्रकरणं कानांवरच मिटतात. यात एक अट दडलेली आहे. घोड्याची माघार म्हणजे अंतर. कुत्र्यासारखं पाठीवर लोळून त्याला शरण जाता येत नाही; त्याला लांब जावंच लागतं. कोपऱ्यात अडकलेल्या घोड्याला शरण जाण्याची सोयच उरत नाही. समोरच्याला तो हटवादी वाटतो आणि पायऱ्या भराभर वर चढतात.

प्राण्यांमधली ही उतरंड पहिल्यांदा नीट मांडली ती कोंबड्यांमध्ये, नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी, 1920च्या दशकाच्या सुरुवातीला. घोड्यांतही उतरंड असते, पण ती सरळ शिडीसारखी असेलच असं नाही. अ हा ब ला हटवतो, ब हा क ला, आणि क मात्र अ ला हटवतो, असे त्रिकोण आढळतात. क्रम ठरतो तो जोडीजोडीने. सहा घोड्यांत 15 जोड्या होतात. त्यातला एक घोडा बदलला की 5 जोड्यांचा हिशेब नव्याने लागतो. दहा घोड्यांत जोड्या 45, आणि एक बदलला तर 9 हिशेब उघडे पडतात. सतत घोडे येत-जात राहणाऱ्या कुरणात चावे जास्त दिसतात, याचं मोठं कारण हेच. आकाराने मोठा तो वरचढ, असंही नाही. वय आणि कळपात किती काळ काढला हे बरेचदा जास्त मोलाचं ठरतं. एखादं बुटकं, म्हातारं तट्टू अख्ख्या कळपाला धाकात ठेवताना दिसतं ते त्यामुळेच.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. 1964 साली जेरम ब्राउन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला: प्राणी एखादी गोष्ट राखायला कधी भांडतो? उत्तर असं, की राखण्याचा फायदा राखण्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल तेव्हाच. ब्राउन पक्ष्यांच्या हद्दींबद्दल बोलत होते, पण घोड्यांना हे इतकं चपखल बसतं की आकडे घालूनच पाहू. समजा 10 किलो वाळलेलं गवत 1 मीटर व्यासाच्या ढिगात आहे. त्याचा परीघ झाला साधारण 3 मीटर. एक घोडा मध्ये तोंड घालून, नुसते कान मागे टाकून तो सगळा राखू शकतो. तेच गवत 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरा. आता राखायचा परीघ झाला 63 मीटर. शिवाय क्षेत्रफळ 400 पट वाढल्यामुळे पायापुढच्या चौरस मीटरमध्ये आता गवत उरलं पूर्वीच्या चारशेव्या हिश्श्याइतकं. म्हणजे एका बाजूला खर्च वीसपट चढला, दुसऱ्या बाजूला हुसकावून मिळणाऱ्या प्रत्येक जागेचा मोबदला चारशेपट उतरला. त्यात ज्या क्षणी तो दुसऱ्यामागे धावतो, त्या क्षणी त्याचं स्वतःचं तोंड रिकामं असतं. हिरव्या कुरणात चरताना तोच ‘गुंड’ घोडा शांत का असतो, याचं उत्तर या हिशेबात आहे. त्याचा स्वभाव संध्याकाळी चारा टाकताना बदलत नाही, चाऱ्याची भूमिती बदलते.

यातून ढिगांची गोष्ट निघते. सहा घोडे, सहा ढीग, हिशेब बरोबर वाटतो. पण पहिला घोडा आपला ढीग सोडून दुसऱ्याच्या ढिगावर जातो, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा चौथ्याच्या, आणि ही संगीत खुर्ची शेवटच्या घोड्यापाशी येऊन थांबते. खरं तर पहिल्याने सोडलेला ढीग मोकळा असतो, पण तिथे जायचं तर सगळ्यांच्या मधून जावं लागतं. शेवटचा तो धोका पत्करत नाही, कुंपणाशी उभा राहतो. म्हणून ढीग घोड्यांपेक्षा एक-दोन जास्त हवेत, आणि ते एका ओळीत न ठेवता मोठ्या वर्तुळावर हवेत, म्हणजे कोणत्याही ढिगावरून उठलेल्या घोड्याला कोणाच्या अंगावरून न जाता पुढचा ढीग गाठता येतो. दोन ढिगांत दोन-तीन घोड्यांच्या लांबीइतकं तरी अंतर असावं, कारण मागे झाडलेली लाथ तिथवर पोचू नये. पाण्याचंही तसंच: एकच टाकी आणि तीही कोपऱ्यात असेल, तर तिच्यावर पहारा बसणारच.

शेवटच्या घोड्याचं नुकसान चार घास कमी पडण्यापुरतं नसतं. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरी. आम्लाला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते ती चावतानाच. मोकळा घोडा दिवसाचे 12 ते 16 तास चरत असतो, म्हणून हे गणित जुळतं. ज्याला तासन् तास ढिगाशी येऊ दिलं जात नाही, त्याच्या जठराच्या वरच्या भागात, जिथल्या अस्तराला आम्लापासून फारसं संरक्षण नसतं, तिथे व्रण पडू शकतात. त्याच्या झोपेचाही प्रश्न असतो. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण स्वप्नांची गाढ झोप घ्यायला त्याला आडवं व्हावं लागतं. धास्तावलेला घोडा आडवा होत नाही. मग उभ्या उभ्या पेंगताना पुढचे पाय दुमडून तो कोसळतो आणि पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून खरचटल्याच्या खुणा दिसायला लागतात. अशा खुणा शोधा, बरगड्या हाताने चाचपून बघा. लांब केसांखाली रोड झालेला घोडा डोळ्यांना दिसत नाही.

कुंपणाचे टोकदार कोपरे पट्टी लावून गोलसर करावेत. निवाऱ्याला एकच दार असेल तर वरचढ घोडा दारात उभा राहिला की आतला अडकतो आणि बाहेरचा भिजतो. दोन दारं ठेवावीत, किंवा एक बाजू पूर्ण मोकळी.

कपाळावरच्या भोवऱ्यांवरून ‘हा घोडा मारका निघणार’ असं सांगणारे जगभर भेटतात. तांबूस घोडी म्हणजे तापट, हेही तसंच. तांबूस रंग एका जनुकाच्या अप्रभावी रूपामुळे येतो. तेवढ्यावरून कुरणातलं वागणं ओळखता येत नाही. आणि भोवरे हसण्यावारी नेणारी शिकली-सवरलेली मंडळी ‘तुम्ही घोड्याचे अल्फा’, म्हणजे सर्वांत वरचढ म्होरक्या, ‘व्हा’ असं शिकवणाऱ्या शिबिरांना पैसे मोजतात, तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. ‘अल्फा’ची कल्पना गाजली ती एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे कोंडून ठेवून केलेल्या निरीक्षणांवरून, आणि ती लोकप्रिय करणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे ती नाकारली. माणूस उतरंडीत वर गेला म्हणून दोन घोड्यांमधलं भांडण मिटत नाही.

दुबळ्या घोड्याला खरा आधार असतो मैत्रीचा. दोन घोडे उलट सुलट तोंडं करून एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेमक्या त्या जागी हाताने खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी झालेले मोजले गेले. न्यूझीलंडच्या कैमानावा घोड्यांवरचा 2009चा अभ्यास आणखी पुढे जातो: ज्या माद्यांना नात्याबाहेरच्या पक्क्या मैत्रिणी होत्या, त्यांना शिंगरं जास्त झाली आणि ती जास्त जगलीही, मग त्यांची पत उतरंडीत कुठलीही असो. म्हणून नवा घोडा आणताना त्याला थेट कळपात सोडू नये. आधी काही दिवस मजबूत कुंपणापलीकडे ठेवावं, मग कळपातल्या सर्वांत सौम्य घोड्याबरोबर वेगळ्या जागेत, आणि ही जोडी जमली की दोघांना मिळून कळपात न्यावं. त्या दिवशी मागच्या पायांना नाल नसलेले बरे.

एवढं करूनही एकच घोडा पाठलाग थांबवत नसेल, तर बाजूला काढायचा तो त्याला. बहुतेक लोक मार खाणाऱ्याला हलवतात, आणि त्याच्या होत्या त्या जोड्याही मोडतात. हल्लेखोराला काही आठवडे दुसऱ्या, वयस्क आणि ठाम घोड्यांसोबत ठेवावं. परत आल्यावर त्याला जागा पुन्हा मिळवावी लागते. आधी शांत असलेली घोडी अचानक नर घोड्यासारखी वागायला लागली, दुसऱ्या घोड्यांवर धावून जाऊ लागली, तर पशुवैद्याला बोलवायला उशीर करू नये. घोड्यांमध्ये अंडाशयाची एक गाठ होते. ती संप्रेरकं सोडते, कधीकधी टेस्टोस्टेरॉनही. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीत ती कळते, शस्त्रक्रियेने काढता येते, आणि त्यानंतर हळूहळू घोडीचं वागणं बहुधा पूर्ववत होतं.