वैध गांजाव्यवसाय (विदर्भ)

भांगेच्या झाडाची (शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा) परवान्याने होणारी लागवड, प्रक्रिया व विक्री. विदर्भात असा व्यवसाय आज नाही, चर्चा मात्र आहे. कापसाचे भाव पडले की पारावर कुणीतरी म्हणतोच, ‘त्यापेक्षा गांजा लावू द्या म्हना सरकारले.’

या बोलण्यात दोन पिकांची गल्लत होते. मादी झाडाचे राळेने चिकट झालेले शेंडे म्हणजे गांजा. याच वनस्पतीचे, नशेचे द्रव्य (टीएचसी) नाममात्र असलेले वाण धागा व बी यांसाठी दाट पेरतात, ते हेम्प. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाला बंदी आहे, पण कलम 14 नुसार धागा व बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने 2018 मध्ये असे परवाने सुरू केले; तिथे टीएचसीची मर्यादा 0.3 टक्के आहे. 2021 मध्ये हेम्पचे बी व तेल यांना खाद्यपदार्थ म्हणून केंद्रीय मान्यता मिळाली. परवान्याशिवाय झाडे लावणाऱ्याला मात्र 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तुरीच्या तासात, पऱ्हाटीच्या आड लावलेली झाडे पोलीस उपटतात, तराजूवर तोलतात आणि पंचनामा होतो. ‘नुसती पानं होती’ हा बचावही इथे लंगडाच, कारण राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात भांगही (म्हणजे पानेही) येते.

परवान्याचा गांजा या मुलखाला अगदीच नवा नाही. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतात इंग्रजी अमदानीत खंडव्याच्या बाजूला सरकारी देखरेखीखाली गांजा पिके. गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या 1893-94 च्या आयोगानेही सरसकट बंदीऐवजी परवाने व कर यांचीच शिफारस केली होती.

परदेशातले आकडे ऐकून डोळे दिपतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2014 मध्ये गांजाची दुकाने उघडली, कॅनडाने 2018 मध्ये देशभर मोकळीक दिली. पण दोन्हीकडे पुढे माल उदंड झाला आणि भाव कोसळले. अमेरिकेत हेम्प लावणाऱ्या अनेकांचे पीक 2019 नंतर पडून राहिले. कापूसवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पैसा टिकला तर तो प्रक्रिया, तपासणी व दुकानाच्या टप्प्यावर टिकतो, वावरात कमीच.

विदर्भातली खरी अडचण पाण्याची. धाग्यासाठी कांडे पाण्यात किंवा ओलाव्यात सडवावे लागते, आणि पीक कापणीला येते तेव्हा बहुतेक नाले आटायला लागलेले असतात. शिवाय बेभरवशाच्या बियाण्यामुळे टीएचसी मर्यादेपलीकडे गेले, तर उभे पीक नष्ट करावे लागते. त्या नुकसानीला विमा कोण देणार, हे चर्चेत कुणी विचारत नाही.

सडवण्याचे काम इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे ते अंबाडीमुळे. तिची पाने भांगेसारखी दिसतात. शास्त्रीय नावातही (हिबिस्कस कॅनाबिनस) तेच साम्य आहे. धुऱ्यावरची अंबाडी कापून पेंढ्या डोहात दगडाखाली दाबत, कुजल्यावर वाख सोलून उन्हात टाकत आणि मांडीवर वळून दोर करत. भाजी अजून घरोघरी होते, पण वाख काढणारे हात फार थोडे राहिले. पोळ्याच्या बाजारात बैलाचा कासरा आता बहुतेक नायलॉनचाच मिळतो.