शिडाच्या नौकेवरील कुटुंबजीवन : बहामा बेटे

जमिनीवरचे घर सोडून किंवा भाड्याने देऊन आई, वडील आणि मुले शिडाच्या नौकेवर राहायला जातात आणि उबदार समुद्रात एका बेटाजवळून दुसऱ्या बेटाजवळ मुक्काम हलवत महिनोन्‌महिने काढतात, अशी ही जीवनपद्धती आहे. उत्तर अमेरिकेतील अशा कुटुंबांची सर्वांत रुळलेली वाट फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून बहामा बेटांकडे जाते. सुमारे ७०० बेटे आणि त्याहून कितीतरी अधिक लहान खडकाळ बेटे असलेला हा देश चुनखडीच्या बुडालेल्या पठारांवर पसरला असून, त्या पठारांवर पाण्याची खोली बऱ्याच ठिकाणी अवघी ३ ते ५ मीटर असते. त्यामुळे नांगर टाकायला जागा जवळ सापडते आणि एक पल्ला दिवसाउजेडी काही तासांत संपतो. लहान मुले बरोबर असणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी फार मोलाच्या वाटतात.

कुटुंबासह लहान नौकेतून दूरचा प्रवास केल्याचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण कप्तान जोशुआ स्लोकम यांचे आहे. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले, तेव्हा पत्नी हेटी आणि दोन मुलांसह त्यांनी ‘लिबर्दादे’ नावाची ३५ फुटी नौका तिथेच बांधली. तिची शिडे हेटी यांनी शिवली. १३ मे १८८८ रोजी नौका पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी हे कुटुंब तिच्यातून अमेरिकेला पोचले. तो प्रवास अडचणीत सापडलेल्या माणसांचा होता. हौसेने नौकेवर राहायला जाणे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आले ते पुढे, १९६० नंतर फायबरग्लासच्या नौका साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागल्यावर.

कुटुंबाची नौका साधारणपणे ३५ ते ५० फूट लांब असते. एका सांगाड्याच्या नौकेला खाली जड कणा असतो आणि ती वाऱ्यात कलते. दोन सांगाड्यांची कॅटमरान जवळपास सपाट राहते, तिला तरंगायला पाणीही कमी खोल चालते, पण किंमत बरीच जास्त पडते. बहामाच्या उथळ पठारांवर सव्वा मीटर पाण्यात तरंगणारी नौका जिथे निर्धास्त जाते, तिथे दोन मीटर पाणी लागणारीला भरतीची वाट पाहावी लागते. आतली रचना इंच-इंच वाचवणारी असते. बाकाखाली धान्याचे डबे आणि पायऱ्यांमागे इंजिन बसवलेले असते. शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी पातेले सपाट राहते. गोडे पाणी टाकीत काहीशे लिटर मावते. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळण्याची पद्धत आहे. खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र आता अनेक नौकांवर असते, पण त्याला वीज लागते, आणि सौर पट्ट्यांतून मिळणाऱ्या विजेचा मोठा वाटा आधीच फ्रिजने घेतलेला असतो. आभाळ दोन दिवस भरून राहिले की घरातल्या सगळ्यांना वीज जपून वापरावी लागते. मुलांना हा हिशेब फार लवकर समजू लागतो, आणि माझ्या मते या जगण्याचे खरे शिक्षण इथेच घडते.

फ्लॉरिडा आणि बहामा यांच्यामध्ये गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि तिथे त्याचा वेग ताशी अडीच ते साडेतीन सागरी मैलांपर्यंत असतो. वारा उत्तरेकडून आला तर तो प्रवाहाच्या अंगावर येतो आणि उभ्या, एकमेकींलगतच्या लाटा उठतात. म्हणून बहामाच्या पश्चिम कडेच्या बिमिनी बेटांपर्यंतचा सुमारे ५० सागरी मैलांचा पल्ला मारण्यासाठी कुटुंबे फ्लॉरिडात कधी आठवडाभरही थांबून राहतात. पोचल्यावर सीमाशुल्क आणि प्रवेशाची कागदपत्रे होईपर्यंत पिवळे निशाण लावावे लागते. परवाना मिळाला की ते उतरवून बहामाचे निशाण चढवले जाते.

पुढचे दिवस वाऱ्याच्या कलाने आखावे लागतात. हिवाळ्यात इथे बहुतेक काळ पूर्वेचा वारा वाहतो. बहामातील एक्झुमा बेटांची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे लांबलचक असल्याने तिच्या पश्चिम बाजूला पाणी शांत राहते आणि सगळ्या नौका तिथेच नांगरलेल्या असतात. मात्र उत्तर अमेरिकेवरून थंड हवेची आघाडी खाली सरकली की वारा आग्नेयेकडून दक्षिणेला, तिथून पश्चिमेला आणि मग वायव्येकडून उत्तरेला असा फिरत जातो. कालपर्यंत सुरक्षित असलेला मुक्काम पश्चिमेच्या वाऱ्यात एकदम उघडा पडतो आणि मागे खडकाळ किनारा असतो. म्हणून आघाडीची चाहूल लागताच पश्चिमेकडून आडोसा असलेली जागा गाठावी लागते, आणि अशा जागा मोजक्याच असल्यामुळे उशिरा येणाऱ्याला नांगराला पुरेशी साखळी सोडायला वाव मिळत नाही.

नांगर नीट बसवणे हे या जगण्यातले सर्वांत महत्त्वाचे कसब म्हणावे लागेल. वरून पांढरी वाळू दिसेल अशी जागा निवडायची. गवताळ तळावर नांगर रुतत नाही आणि गवताचीही हानी होते. पाण्याची खोली आणि नौकेच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची यांच्या बेरजेच्या पाच ते सात पट साखळी सोडायची, मग इंजिन उलटे चालवून नांगर रुतवायचा. पाणी इतके नितळ असते की घरातले कोणीतरी, पुष्कळदा पोहण्यात तरबेज झालेले मूलच, मुखवटा लावून खाली बुडी मारते आणि नांगराचा फाळ वाळूत गेला की नाही ते पाहून सांगते. रात्री नांगर घसरला तर उपग्रहाधारित गजर वाजतो.

पाण्याचा रंग वाचणे हेही शिकावे लागते. सूर्य उंच आणि पाठीशी असताना नाळेवर उभे राहिले की गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे उथळ वाळू आणि तपकिरी म्हणजे प्रवाळ किंवा खडक, असे ओळखू येते. ढगाची सावली मात्र फसवते. बेटांमधल्या अरुंद खिंडींतून पठारावरचे पाणी ओहोटीला रांगेच्या पूर्वेकडील एक्झुमा साउंड या खोल समुद्रात धावते आणि समोरून पूर्वेचा वारा जोरात असेल तर खिंडीच्या तोंडाशी लाटा फुटतात. अशा वेळी भरतीपर्यंत थांबण्याखेरीज शहाणपणाचा दुसरा मार्ग नाही.

मुलांसाठी कडेच्या तारांना जाळी बांधतात आणि नौका चालू असताना कमरपट्टा दोरीला अडकवण्याचा नियम मोठ्यांनाही लागू असतो. अभ्यास सकाळी होतो. बहुतेक घरांत आईवडीलच शिकवतात. उणीव भासते ती मित्रांची, आणि म्हणूनच ग्रेट एक्झुमा बेटावरील जॉर्ज टाउन या गावाला एवढे महत्त्व आले आहे. तिथल्या एलिझाबेथ हार्बरमध्ये हिवाळ्यात शेकडो नौका जमतात. सकाळी रेडिओवर सगळ्यांची हजेरी आणि सूचना होतात, आणि समोरच्या स्टॉकिंग बेटाच्या वाळूवर मुलांचे खेळ दिवसभर चालतात. वाण्याकडे जायचे तर रबरी होडीतून ठेंगण्या पुलाखालून व्हिक्टोरिया तळ्यात शिरावे लागते. सूर्य मावळताना नौकांवरून शंख फुंकण्याची इथे प्रथा आहे. तो बहामातील खाद्य शंखाचाच असतो, आणि मराठी कानाला तो ध्वनी परका वाटणार नाही.

भाजीपाला राजधानी नासाउहून टपाल आणणाऱ्या जहाजातून येतो. ते लांबले की दुकानातल्या फळ्या रिकाम्या दिसतात. मासा भरपूर मिळतो, पण बराकुडा आणि मोठे प्रवाळवासी मासे खाल्ल्याने सिग्वाटेरा ही विषबाधा होऊ शकते. हे विष सूक्ष्म शैवालातून माशांत साठते आणि शिजवल्याने जात नाही. एक्झुमातील १९५८ साली स्थापन झालेल्या भू-सागरी उद्यानात तर मासेमारीलाच बंदी आहे.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून शाकारतात, तसेच इथेही नौका जमिनीवर चढवून बांधून ठेवतात किंवा उत्तरेला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराकडे नेतात; विम्याच्या अटीही तेच सांगतात. सप्टेंबर २०१९ मध्ये ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाचे डोरियन वादळ बहामाच्या उत्तरेकडील अबाको बेटांवर आदळले, तेव्हा बंदरात बांधलेल्या नौका आणि किनाऱ्यावरची घरे एकाच वेळी उद्ध्वस्त झाली. नौकावासीयांना परतायला दुसरा किनारा होता; अबाकोवरील मार्श हार्बर गावाच्या रहिवाशांना तो नव्हता, ही गोष्ट या जीवनपद्धतीविषयी लिहिताना नजरेआड करता येत नाही.

अनेक कुटुंबे एक-दोन हंगामांचाच बेत करून निघतात. काही अधिक काळ राहतात. तरी मुले किशोरवयात आली की स्वतःची खोली आणि रोजचे सवंगडी यांची गरज वाढते, दुरुस्तीचा खर्च बचत खातो किंवा घरी आजीआजोबा थकतात, आणि नौका विक्रीला निघते.