जादुई चाल (व्हिडिओ गेम)

साहसी व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने स्वतः बटणे दाबून वाजवायची आणि वाजवताच खेळातल्या जगात काही घडवून आणणारी छोटी सुरावट. दार उघडणे, पाऊस पाडणे, दिवसाची रात्र करणे, घोडी बोलावणे अशी कामे ती करते. गाण्याला असते ती चाल आणि पटावर खेळतात तीही चाल. या प्रकारात दोन्ही एकच होतात, म्हणून या नोंदीत हाच शब्द वापरला आहे.

सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९९८मध्ये निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी आलेला ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’. संगीत कोजी कोंडो यांचे. नायक लिंक याच्याकडे ओकारिना असते. हे पोटाशी पोकळ, भोके पाडलेले फुंकवाद्य. खरी ओकारिना बहुधा भाजलेल्या मातीची असते, आणि तिचे आजचे रूप इटलीतल्या बुद्रिओ गावच्या ज्युसेप्पे दोनाती याने १८५३च्या सुमारास घडवले. गेममध्ये कंट्रोलरची पाच बटणे म्हणजे पाच स्वर. पेटीवर पांढरी दोन हा सा धरला तर ते असे येतात: सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि वरचा सा (पुढे ‘सां’). शिवरंजनीतून रिषभ काढून टाकला की उरतात तेच हे स्वर. जळगावकडच्या एका भजनी मंडळाच्या पेटीवर प्रस्तुत लेखकाने या चाली वाजवून पाहिल्या. दुसऱ्याच चालीला पेटीवाल्या बुवांनी “शिवरंजनी का?” असे विचारले, पेटी आपल्याकडे ओढली आणि रे लावून थेट भजनच सुरू केले.

रोजच्या कामाच्या सहा चाली तीन स्वरांच्या आहेत, आणि ते तीन स्वर दोनदा वाजवायचे. राजघराण्याची अंगाई ध-सां-प, सूर्याची चाल प-ग-सां, वादळाची सा-ग-सां. स्वर बरोबर लागले की पुढचा तुकडा गेम स्वतःच वाजवून दाखवतो. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत प्रत्येक चाल वेगळी ओळखू येते, ही कोंडो यांची खरी करामत. गोरोन या डोंगरातल्या जमातीच्या उदास बसलेल्या सरदारापुढे सारियाची (लिंकच्या बालमैत्रिणीची) चाल वाजवली की तो गदागदा नाचू लागतो आणि वर बक्षीसही देतो.

कल्पना याहून जुनी आहे. १९८६च्या पहिल्या ‘झेल्डा’मध्ये बासरी होती, तिने तळे आटायचे आणि वावटळ यायची, पण स्वर खेळाडूच्या हातात नव्हते. ते आले १९९०च्या ‘लूम’मध्ये, लुकासफिल्म गेम्सच्या. त्यात विणकरांच्या जमातीतला पोरगा सूत कातण्याच्या काठीवर चार स्वरांचे मंत्र वाजवतो, आणि मंत्र उलटा वाजवला की परिणामही उलटा. कापसाच्या मुलखातल्या वाचकाने हा गेम आवर्जून शोधावा.

कामाचे गाणे खानदेशाला नवीन नाही. जात्यावरच्या ओवीने दळण सरते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात आणि झोका त्या तालावर चढतो (पुरुष त्याच दिवशी पत्ते कुटत बसतात, म्हणजे खेळ आणि गाणे इथे शेजारीच). पाऊस लांबला की अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी दारोदार फिरते, बाया तिच्यावर तांब्याने पाणी ओततात आणि गाण्यातून पाऊस मागतात. फरक एवढाच की धोंडी विनवते आणि गेममधली चाल हुकूम सोडते; पाऊस पडला नाही तर बटण चुकले असे समजायचे.

नव्वदच्या दशकात इकडे ‘टीव्ही गेम’ म्हणजे कॅसेट खुपसायचे स्वस्त नकली यंत्र. ओकारिनाचा हा गेम बहुतेकांनी पाहिला तो नंतर, कॉम्प्युटरवर, इम्युलेटरमधून (म्हणजे गेमच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून). चाली वहीच्या शेवटच्या पानावर ‘उजवं-खाली-वर’ अशा उतरवलेल्या असत. चार दिवसांत वही बाजूला पडे, कारण बोटांनाच पाठ झालेले असे.

वादळाच्या चालीवर थोडे थांबायला हवे. मोठा झालेला लिंक पवनचक्कीत जातो. तिथला वादक चिडलेला असतो: सात वर्षांपूर्वी एका पोराने येऊन ही चाल वाजवली आणि माझ्या चक्कीचे वाटोळे केले! रागारागात तो ती चाल वाजवून दाखवतो आणि लिंक शिकतो. मग लिंक सात वर्षे मागे जातो, पुन्हा पोर होतो आणि त्याच माणसासमोर तीच चाल वाजवतो. चक्की गरगर फिरते आणि गावातली विहीर आटते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघत मोठा झालेला माणूस इथे हसल्याशिवाय राहत नाही: पावसाची चाल, आणि आटली काय तर विहीर.

मग चाल बांधली कोणी? वादक लिंककडून शिकला, लिंक वादकाकडून. खेळाडू यावर वर्षानुवर्षे डोके खाजवत आले आहेत. पण खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी कोणी रचली असे गावातल्या म्हातारीला विचारा. माझी माय म्हणायची, एवढेच उत्तर मिळेल. आणि मायला विचारायची सोय असती तर तिनेही तिच्या मायचेच नाव घेतले असते.

उरलेल्या सहा चाली प्रवासाच्या आहेत. पाच ते आठ स्वर वाजवायचे आणि ठरल्या जागी जाऊन पोचायचे. संगीत म्हणून त्या सुरेख आहेत, पण काम एस.टी.च्या पासाचे. पुढे २०००च्या ‘मजोराज मास्क’ने खोलात हात घातला: काळाची चाल सरळ वाजवली की पहिल्या दिवसाची पहाट पुन्हा उगवते, उलटी वाजवली की काळ मंदावतो, प्रत्येक स्वर दोनदा दाबला की पुढे उडी घेतो.

तेरावी चाल बुजगावण्याची. तळ्याकाठी दोन बुजगावणी उभी आहेत. लहानपणी त्यांच्यापुढे आठ स्वर मनाला येतील तसे वाजवायचे. सात वर्षांनी परत येऊन तेच आठ स्वर वाजवले तर त्यांना आठवतात, आणि मग ठरावीक अडचणीच्या जागी ती चाल वाजवली की एक बुजगावणे उगवते. त्याला साखळीचा आकडा अडकवून वर चढायचे. अख्ख्या गेममध्ये खेळाडूने स्वतः बांधायची चाल ही एकच. अटही एकच: आठही वेळा तोच स्वर दाबलेला चालत नाही.