‘साहेबांनी सांगितलं होतं’ म्हटलं की सुटका?

सिनेमात हेडक्लार्क रडवेला होऊन म्हणतो, "साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली," आणि सुटतो. त्यातून रुजलेला समज: हुकूम वरून आला की खालच्यावर जबाबदारी नाही.

नोकरी सांभाळणाऱ्याला हे पटणं स्वाभाविक आहे. पण भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे देशाच्या फौजदारी कायद्याचं, कलम १४ वाचा. कृत्य कायद्यानेच बंधनकारक असेल, किंवा वस्तुस्थितीबद्दलच्या प्रामाणिक गैरसमजातून तसं वाटलं असेल, तरच हा बचाव चालतो. खोट्या बिलावर सही करायला कुठला कायदा बांधतो?

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम ३ही पाहा. तोंडी आदेश मिळाला, तर लवकरात लवकर लेखी पुष्टी मागणं कनिष्ठाचंच काम. (तोंडी आदेशाची नोंद म्हणून फायलीवर नुसतं ‘चर्चेप्रमाणे’ लिहिणं इथेच अडतं.) खासगी कंपनीला हा नियम नाही, फौजदारी कायदा मात्र तोच.