रोध आणि वॅट: सूत्र लावण्याआधी बघा, कायम काय आहे

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, गुणलं की शक्ती. २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेणाऱ्या गिझरचा रोध साधारण २६.४ ओहम आणि शक्ती २००० वॅट. हे दहावीत झालेलं आहे, त्यावर थांबत नाही.

घोळ होतो तो “रोध जास्त म्हणून तापतं जास्त” या वाक्याने. दुकानातले दोन गिझर घ्या. १००० वॅटवाल्याचा रोध ५२.९ ओहम, २००० वॅटवाल्याचा त्याच्या निम्मा. जास्त तापणाऱ्याचाच रोध कमी! मग पुस्तकातलं शक्तीचं सूत्र, ‘करंटचा वर्ग गुणिले रोध’, खोटं का? नाही. ‘व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध’ हेही तितकंच खरं. फक्त कायम काय राहतंय ते आधी बघायचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. घरातल्या सगळ्या वस्तू समांतर जोडलेल्या, प्रत्येकीला तेच २३० व्होल्ट. तिथे रोध कमी तर वॅट जास्त.

आता त्याच गिझरच्या सॉकेटकडे या. मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या हवेने तारेचं टोक हिरवं पडतं, पकड सैल होते. समजा त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला. गिझरच्या २६ ओहमांपुढे तो किरकोळ, म्हणून करंट किती वाहायचा हे गिझरच ठरवतो आणि तोच साडेआठ अँपिअर सांध्यातूनही जातो. साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॅट. गिझरची उष्णता टाकीभर पाण्यात जाते. हे ३६ वॅट मात्र पेरभर जागेत कोंडतात आणि सॉकेट काळा पडून वितळतो. इथे करंट जवळपास कायम, म्हणून रोध वाढला की उष्णता वाढली.

अशा वेळी “गिझर जास्त करंट खेचतोय” म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सांध्याचा रोध वाढल्यावर करंट उलट किंचित घटतो, त्यामुळे फ्यूज उडत नाही. फ्यूजला जाड तार घालणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. दुखणं सॉकेटात, आणि हे घरातलं संरक्षणच काढून टाकतात. मेन स्विच बंद करून तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायची, सॉकेट नवा बसवायचा, स्क्रू घट्ट पिळायचा.

दुसरी चूक कमी व्होल्टेजची. लाइनच्या शेवटच्या खांबावरच्या वाडीत संध्याकाळी १७० व्होल्ट मिळाले, की लोक २००० ला १७० ने भागतात आणि पावणेबारा अँपिअर काढतात. चूक. २००० हा आकडा २३० व्होल्टवरचा आहे. गिझरच्या कॉइलचा स्वतःचा असतो तो रोध, आणि व्होल्टेज उतरलं तरी तो जवळपास तसाच राहतो. म्हणून १७० भागिले २६.४, म्हणजे ६.४ अँपिअर, आणि शक्ती जेमतेम १०९० वॅट. व्होल्टेज पाव भागाने उतरलं, वॅट निम्म्याच्या जवळ आले. पाणी तापायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो तो यामुळे.

विहिरीवरच्या पंपाला मात्र हा हिशेब लावू नका. मोटरला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून कमी व्होल्टेजवर ती करंट जास्त घेते आणि तिचं वाइंडिंग जळतं. १७० व्होल्टवर गिझर खुशाल चालू ठेवा, पंप बंद करा.